भिंतीचा शेवटचा बाजार

संत्र्याच्या खोडाले डिंक सुटला. काय करावं?
खोड खरवडा, बोर्डो मलम लावा.

बैल रातचा दावं तोडते. काऊन?
मालक बदलून पाहा.

जामसावळीचा मारुती झोपून काऊन आहे?
थकला असन.
(त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात: हे लिहिणाऱ्याचे हात झडो.)

माह्या पंपाची तार कोणी नेली?
भैय्याजीनं.
भैय्याजीनं नाई. त्याच्या साळ्यानं.
दोघायनंही नाई. तूच विकली.

पडलेला दात पुन्हा बसते काय?
नाई.

सासू रोज मरतो म्हणते.
(उत्तर नाही.)

अनिलले गोटा कोणाचा लागला?



हे सगळं एका भिंतीवर होतं. पांढुर्ण्याच्या बाजारात जामकाठ वाचनालय होतं आणि बाजाराकडची त्याची अख्खी भिंत काळ्या रंगानं रंगवलेली होती. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. खडू डब्यात. कोणीही यावं आणि लिहावं. आपलं नाव घालायचं नाही आणि दुसऱ्याचं पुसायचं नाही, एवढंच बंधन.

बाजाराच्या संध्याकाळी वाचनालयाचे रघुनाथराव खुर्चीवर चढत. शाळेतून निवृत्त झाले होते, आवाज अजून वर्गातला होता. ते प्रश्न वाचत, उत्तरं एकेक करून वाचत, लोक हात वर करत. ज्या उत्तराला जास्त हात, ते रघुनाथराव पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहीत. बाकीची ओल्या फडक्यानं जात. खडूतलं उत्तर कच्चं, पेंटातलं पक्कं. पक्क्यावर नंतर कोणी वाद घालत नसे. डिंकाचं औषध पक्कं होतं; सौंसर, लोधीखेड्याचे बागायतदार ते वाचायला येत.

दाताचा प्रश्न तारेच्या प्रश्नातून निघाला होता. भैय्याजीच्या साळ्यानं भिंतीसमोरच पंपवाल्याला पाडून पान्यानं हाणलं. पंपवाल्यानं तोंड धुतलं, रुमालात दात गुंडाळला आणि दुसऱ्या हातानं खडू घेऊन विचारलं. तेही पक्कं झालं. नाई.

त्र्याऐंशी सालच्या पोळ्यानंतर ही भिंत बंद झाली.



सुधाकर कुठं होता?

सुधाकर संत्र्याच्या पेट्या ठोकायचा. मंडीच्या मागच्या आवारात फळ्यांची थप्पी, समोर लाकडी ठोकळा, तोंडात खिळे. त्याचा एक खिळा एका ठोक्यात बसायचा. बाप गुणवंता घरी ओट्यावर बसलेला असायचा, उजव्या डोळ्यानं रस्ता पाहत. डावा डोळा गोटमारीत गेला होता. तो डोळा सुधाकरनं लहानपणी पाहिला होता, गालावर आलेला. बापाला घरी नेताना त्यानं त्याच्यावर गमछा धरला होता आणि गमछ्याखाली काय हलतं ते त्याला हाताला कळत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस उभा करतात. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, मधे पाणी आणि दिवसभर गोटे. हातानं फेकलेल्या गोट्याला मालक नसतो. डोकं फुटो, माणूस जावो, दुसऱ्या दिवशी कोणी कोणाचं नाव घेत नाही. दोन्हीकडे लेकी दिलेल्या आहेत. गोफण मात्र दोन्ही काठांनी बंद केली होती. गोफणीच्या गोट्याला मालक असतो.

इतकी वर्षं सुधाकर मागच्या रांगेत उभा राहून पाण्यात गोटे टाकायचा. त्या वर्षी त्याच्यानं तेही झालं नाही. सकाळची बस धरून तो सौंसरला बहिणीकडे गेला.

उर्मिला दारात आली. "आज? आजच्या दिवशी तू इथं काय करून राहिला?"

"पोट दुखून राहिलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं. कडी त्यानं लावली.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये कंडक्टर सांगत होता, सावरगावचा एक पोरगा पडला, हिरवा सदरा, गोटा इथं घुसला. त्यानं आपल्याच कानामागं बोट ठेवलं. एवढंसंच भोक आहे म्हणे, गोफणीचं असन.

स्टँडवर उतरून सुधाकरनं लाल औषधाची बाटली घेतली, गमछ्याची पट्टी फाडली, पट्टीवर औषध ओतलं आणि डोक्याला बांधली. मग तो प्रकाशच्या चहाच्या टपरीवर गेला. पांढुर्ण्याचे निम्मे गडी तिथं बसले होते, कोणाचा ओठ फाटलेला, कोणाचं कोपर सुजलेलं.

"कुठं होता बे?" प्रकाश म्हणाला. "झाडापाशी नाई दिसला."

"वरच्या अंगाले होतो."

"लागलं?"

"लागलं ना. त्यानं एक दिला, म्या एक दिला."

"कोणाले?"

"हिरवा सदरा होता."

टपरीवरचे लोक चहा प्यायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, "वरच्या अंगाहून? तिथून तं बापा बंदूकच लागन."

"गोफण होती," सुधाकर म्हणाला.

प्रकाशनं त्याच्यापुढं न मागता भज्याची ताटली ठेवली. मधुकर सुधाकरच्याच आवारात पेट्या ठोकायचा. त्यानं उठून त्याला आपल्या जागेवर बसवलं. त्या घटकेला हिरव्या सदऱ्यातला अनिल जिवंत होता.



तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची आई कलाबाई पूल ओलांडून भिंतीपाशी आली. मुलगी कुसुम सोबत होती.

"गुरुजी, एक सवाल लिहाचा आहे."

रघुनाथरावांना सवाल कळला होता. "गोटमारीचा गोटा विचारत नाहीत, कलाबाई. तुम्हाला ठाऊक आहे."

"हाताचा नाई विचारत. हा हाताचा नोहे. म्या बोट घालून पाह्यलं."

रघुनाथरावांनी खडूचा डबा पुढे केला. कलाबाईला लिहिता येत नव्हतं. कुसुमनं लिहिलं. लिहिताना तिचा खडू दोनदा मोडला.

दुपारपर्यंत उजवीकडे उत्तर आलं: सुधाकर, पेट्यावाला.

टपरीवर बसलेल्यांपैकी कोणी लिहिलं, ते कधी निघालं नाही.

मधुकरनं ते पाहिलं आणि बाहीनं पुसलं. भिंत सुरू झाल्यापासून कोणी दुसऱ्याचं पुसलं नव्हतं. सावरगावचे चौघे तिथंच उभे होते. एकानं त्याच्या झिपऱ्या धरल्या. "पुसाची हौस आहे ना? पूस." त्यांनी मधुकरचं तोंड भिंतीवर दाबलं आणि त्या टोकापासून या टोकापर्यंत घासत नेलं, प्रश्नांवरून, उत्तरांवरून, डिंकाच्या औषधावरून. भिंत खरखरीत होती. गालाचं कातडं भिंतीवर राहिलं. रघुनाथराव खुर्चीवरून "अरे, अरे" म्हणत होते.

सकाळी तेच नाव पुन्हा लिहिलेलं होतं, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. तिसरं अक्षर पांढुर्ण्याचं होतं. सुधाकर, आपला वाघ.



सूचना. येत्या बाजारानंतर भिंतीवर लिहिणे बंद. लोकांनी उत्तरे देऊ नयेत. पक्की उत्तरे राहतील, ती जाळीबाहेरून वाचावीत. — व्यवस्थापक मंडळ.

मंग विचाराचं कोणाले?
गुरुजीले.
त्यायले काय येते?



सुधाकरचं नाव शेवटल्या बाजारापर्यंत असंच खडूत राहणार होतं. त्या संध्याकाळी भिंतीवरचं सगळं कच्चं निकाली काढायचं, असं मंडळानं ठरवलं होतं. म्हणजे अनिलचा प्रश्नही.

सुधाकर कामावर जात होता. घरी गुणवंता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा. "माह्या पोरानं माह्या डोळ्याची फेड केली गा," म्हणायचा. लोक थांबायचे. इतक्या वर्षांत त्या ओट्यापाशी कोणी थांबलं नव्हतं.

अनिलचा मोठा भाऊ दादाराव आवारात आला तेव्हा सुधाकरच्या तोंडात खिळे होते. दादारावसोबत तिघे होते. त्यांनी पहिली लाथ पोटात घातली. सुधाकरच्या तोंडातले खिळे बाहेर आले, दोन रक्तासोबत आले. दोघांनी त्याला ठोकळ्यापाशी बसवलं आणि उजवा हात ठोकळ्यावर पसरून धरला. दादारावनं सुधाकरचीच हातोडी उचलली.

"तू मारला?"

मी नव्हतोच, एवढं बोललं की झालं असतं. थप्पीमागं मधुकर उभा होता. त्याच्या अर्ध्या तोंडाला हळद लावलेली होती आणि हळदीतून पाणी सुटत होतं. तो सुधाकरकडे पाहत होता.

"हाव," सुधाकर म्हणाला.

सुधाकरचा खिळा एका ठोक्यात बसायचा. दादारावला प्रत्येक बोटाला तीन लागले. त्याला त्या कामाची सवय नव्हती.

मग हातोडी खाली ठेवून तो उकिडवा बसला. दमला होता. "खडूचं उत्तर आहे म्हणून हात घेतला," तो म्हणाला. "पेंटाचं झालं का जीव घेईन. कच्च्यावर म्या जीव नाई घेत. बाजारापर्यंत टाईम आहे. तुह्या ध्यानात दुसरं कोणाचं नाव असन तं लिही भिंतीवर."

"कायनं लिहू?" सुधाकर म्हणाला.

दादारावनं हाताकडे पाहिलं. "तेही आहे," म्हणाला आणि निघाला.

त्याच संध्याकाळी आवारातले गडी पुलावर गेले. सावरगावचा दूधवाला सायकलवरून येत होता, त्याला या प्रकरणाचं काही माहीत नव्हतं. त्याला पुलावर पाडून त्यांनी कॅनचं झाकण त्याच्या नाकावर मारलं, हाड आत बसेपर्यंत. दूध पुलावरून खाली टपकलं. परत येऊन त्यांनी सुधाकरला सांगितलं. "तुह्या हाताचं घेतलं बे," मधुकर म्हणाला. हसता येत नव्हतं त्याला, तरी हसला.



उर्मिलाला सौंसरच्या स्टँडवर कळलं. बाजाराच्या सकाळी ती आली. सुधाकर मागच्या खोलीत पडला होता, हात कामट्यांत बांधलेला, मनगटापुढं वांग्याच्या रंगाचा.

"लिही भिंतीवर, का तू माह्या घरी होता."

"हात नाई."

"मंग मी लिहीन."

"तुले काय समजते वो? मधुकरचं तोंड पाह्यलं? दूधवाल्याले पुलावर झोपवलं, कोणासाठी? आता त्यायले सांगू, का मी बहिणीच्या घरी झोपलो होतो?"

"झोपला कुठं होता? कडी लावून बसला होता. म्या पोहे आणून दिले तं दार नव्हता उघडत."

"तेच सांगून राहिलो. नको लिहू."

"मारतीन रे तुले आज."

"मारतीन तं मारतीन. हसणार तं नाई."

बाहेर बापाचा आवाज येत होता, कोणाला तरी डोळ्याची गोष्ट सांगत होता. उर्मिलानं पदर खोचला. "हसू दे. हसणाऱ्याच्या घरी मी भाकर टाकाले नाई जात," म्हणाली आणि उठली.



शेवटल्या बाजाराला भिंतीपुढं दोन्ही काठ आले होते. पांढुर्णा उजवीकडे, सावरगाव डावीकडे, मधे एक माणूस जाईल एवढी वाट. कोणाच्या हातात गोटा दिसत नव्हता. बाजाराच्या पिशव्या मात्र जड होत्या. वाचनालयाच्या दाराशी जाळीची गुंडाळी टेकवलेली होती. ठाण्याचे दोघे शिपाई बैलबाजाराच्या टोकाला एक झोंबाझोंबी सोडवत होते.

रघुनाथराव खुर्चीवर चढले. सासूचा प्रश्न वाचला. आदल्या दिवशी त्याखाली उत्तर आलं होतं: तिले एकदा सिनेमाले न्या. त्याला खूप हात मिळाले, पक्कं झालं. पंपाच्या तारेच्या प्रश्नात कुठल्याच नावाला हात पुरले नाहीत. रघुनाथरावांनी फडक्यानं तिन्ही उत्तरं पुसली, आणि त्यावरून मागं दोघांची जुंपली, एकानं दुसऱ्याचा कान चावला, त्यांना ओढत बाजूला नेलं.

मग एकच प्रश्न राहिला.

वाटेतून उर्मिला आली. तिनं डब्यातून खडू घेतला आणि तिन्ही सुधाकरांच्या खाली लिहायला लागली. अक्षर मोठं होतं, एकेक वळण पूर्ण करत लिहिलेलं. सुधाकर गोटमारीत नव्हता. दिवसभर सौंसरले माझ्या घरी होता. उर्मिला.

"नाव घालायचं नाही, बाई," रघुनाथराव म्हणाले.

"माह्यंच नाव आहे."

पुढच्या रांगेनं वाचलं आणि मागच्यांना सांगितलं. पांढुर्ण्याच्या बाजूनं एक खसखस निघाली, अगदी बारीक. मधुकर हसला नाही. तो मान वळवून सुधाकरला शोधत होता.

सुधाकर गर्दीतून आला तो डाव्या हातानं माणसं बाजूला सारत. भिंतीपाशी पोचला आणि डाव्या तळव्यानं तिचं लिहिलेलं पुसू लागला. तळव्याला घाम होता. खडू पुसला जाण्याऐवजी पांढरा लेप होत गेला. उर्मिलानं त्याचं मनगट धरलं. तो तिला झटकू लागला, ती सुटेना. मग त्यानं उजवा हात उगारला, कामट्यांत बांधलेला, आणि तोच तिच्या तोंडावर मारला.

दोघंही ओरडले. उर्मिलाचं कपाळ भिंतीच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवई उघडली. कामटी मोडून सुधाकरच्याच मनगटात घुसली. ती खाली बसली. त्यानं तिला पुन्हा मारलं, बसलेलीला, पायानं.

"खोटी आहे," तो लोकांकडे वळून म्हणाला. "भावाले वाचवून राहिली. म्याच मारला. गोफणीनं मारला."

पांढुर्ण्याच्या बाजूनं आरोळी उठली. सावरगावच्या बाजूनंही उठली. पहिला गोटा कोणत्या पिशवीतून निघाला ते दिसलं नाही. रघुनाथरावांच्या डोक्यामागं भिंतीवर लागला. "हात," रघुनाथराव ओरडले. "आधी हात वर करा. सुधाकर, या उत्तराला किती हात?"

पांढुर्ण्यानं हात वर केले, वाघासाठी. सावरगावनं हात वर केले, खुन्यासाठी. रघुनाथरावांना मोजावं लागलं नाही.

"गुरुजी." कुसुमचा आवाज होता. तिचा हात खाली होता, कलाबाईचाही. "त्या बाईचं वाचा."

"पुसलेलं उत्तर वाचत नाहीत."

"अर्धं दिसून राहिलं अजून."

"अर्धंही वाचत नाहीत, बाई."

"ज्यानं पुसलं, त्यानंच मारलं काय तिले? मंग वाचाच," कलाबाई म्हणाली. "माह्यं पोरगं गेलं आहे. मले ज्यानं मारलं थो पायजे, जो हाव म्हणते थो नाई."

पण तिच्या शेजारी उभ्या असलेल्यांनीच तिला मागं घेतलं, दंडाला धरून, माय चाल, माय चाल करत. रघुनाथरावांनी ब्रश बुडवला. तिन्ही खडूची नावं आणि उर्मिलाचं उरलेलं त्यांनी ओल्या फडक्यानं काढलं, भिंत फुंकून वाळवली आणि लिहिलं. सुधाकर. अक्षर चांगलं आलं.

दादारावनं पुढे येऊन अक्षराला बोट लावलं. बोटाला पांढरं लागलं. तो बाजूला झाला, बिडी पेटवली.

सुधाकरला पळायला वाट होती. तो प्रकाशच्या टपरीवर जाऊन बसला. गड्यांनी त्याला मधे घेतलं. कोणी त्याचा मोडका हात आपल्या मांडीवर घेतला, कोणी चहा बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला. तो प्याला. मधुकर टपरीच्या खांबाला टेकून उभा होता.

"खरं बोलली काय बे बहीण?" त्यानं हळूच विचारलं.

"नाई," सुधाकर म्हणाला.

दादारावनं पुन्हा बोट लावलं. या वेळी बोट कोरडं आलं. त्यानं जामचा एक गोटा गमछ्यात बांधला, रस्ता ओलांडला आणि कोणाला काही कळायच्या आत तो फिरवून सुधाकरच्या कानामागं घातला. सुधाकर बाकावरून घसरला. दादारावनं पुन्हा घातला, पुन्हा घातला. कपाळ आत गेलं. एक डोळा बाहेर आला. गडी मागं झाले, उकळता चहा सांडला, प्रकाशचे पाय भाजले. मधुकरनं एकट्यानं दादारावचा पाय धरला आणि त्याच्या तोंडावरची हळद दादारावच्या धोतराला लागली. दादाराव त्याला ओढत तसाच मारत राहिला. पलीकडून आता पिशव्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या, दोन्हीकडून, आणि बाजारात पत्र्यांवर, हंड्यांवर, डोक्यांवर गोटे वाजत होते.

उर्मिला रांगत टपरीपर्यंत आली. भुवईचं रक्त तिच्या डोळ्यात गेलं होतं. तिनं त्याचं डोकं उचलायचा प्रयत्न केला आणि ते कुठून धरावं हे तिला कळेना.

वाचनालयाच्या माणसांनी त्याच गडबडीत जाळी ठोकून घेतली. खिळे त्यांना धड ठोकता येत नव्हते, निम्मे वाकडे गेले. डिंकाचं औषध वाचायला बागायतदार पुढं बरीच वर्षं येत राहिले; जाळीतून वाचत, पाठ करत, परत जात. खाली सुधाकर होता, पक्का.

उर्मिला शाळेत गेली नव्हती. तिला लिहायला सुधाकरनं शिकवलं होतं, गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं.